इमान आधी लेकराशी

निवृत्त होईपर्यंत मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सिस्टर होते. पुढे सांगते त्यातलं निम्मं मला आमच्या जुन्या मेट्रनबाईंनी शिकवलं आणि निम्मं त्या वॉर्डातल्या आयांनी. घरातलं मूल गंभीर आजारी पडलं की सगळं गोत गोळा होतं. जो तो जीव तोडून धावतो आणि जो तो आपल्या परीने बरोबरच असतो. पण आजी देवाला बांधलेली, काका भावाला, बाप कर्जाला. मेट्रनबाई नव्या आईबापांना बाजूला घेऊन एवढंच म्हणायच्या, “क्रम लावून घ्या. आधी लेकरू, मग तुम्ही दोघं, मग बाकी सगळे.” माझे कानमंत्र याच एका वाक्यातून निघालेत. उदाहरण घेते रक्ताच्या कॅन्सरचं, ए.एल.एल.चं. मुलांमध्ये हाच कॅन्सर सर्वांत जास्त दिसतो, आणि चांगल्या केंद्रात पुरते उपचार झाले तर बहुतेक मुलं त्यातून बरी होतात.

१. डॉक्टरांपुढे आई-बाप दोघांनी बसावं

आमच्याकडे रीत अशी, की ज्याला इंग्रजी येतं तो मामा नाहीतर काका आत जातो आणि आई बाहेरच्या बाकावर डबा धरून बसते. रात्रभर मुलाच्या उशाशी मात्र तीच असते. ताप किती वाजता चढला, उलटी कधी झाली, हे तिलाच ठाऊक. म्हणून तिला आत घ्या. साधी वही घ्या आणि पाच प्रश्न लिहून न्या : आजाराचं नाव काय? उपचार बरं करण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी? दुसरा मार्ग कोणता? काहीच केलं नाही तर काय होईल? एकूण खर्च आणि काळ किती? विचारायला लाजू नका. निर्णय घेता येईल इतकी माहिती रुग्णाला देणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितलंय.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर उघड घ्या, चोरून नको. कागदपत्रांच्या प्रती लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. फाइल तारखेप्रमाणे लावा आणि मूळ रिपोर्ट कुणाच्या हाती सोडू नका.

२. बरं दिसलं म्हणून उपचार सोडू नका

ए.एल.एल.चे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिला महिना कठीण जातो. तो पार पडला की बहुतेक मुलांच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. केस गळालेले असले तरी मूल हसायला-खेळायला लागतं. नेमकं याच वेळी घरातून फोन येतो, “बरा झालाय ना? मग सुया कशाला? पेरणीला या.” कुणी दुष्टपणाने म्हणत नाही. पण दिसेनाशा झालेल्या पेशी संपलेल्या नसतात आणि उरलेल्या पुन्हा वाढतात. आपल्याकडे मुलं हातची जाण्याचं एक मोठं कारण अर्धवट सोडलेले उपचार हेच आहे. म्हणून पहिल्याच दिवशी घरच्यांना जमवून पूर्ण वेळापत्रक सांगा. पेरणी, लग्नं, परीक्षा कोण सांभाळणार, ते तेव्हाच वाटून घ्या.

आणखी एक. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी खाली असताना साधा जंतूही काही तासांत जीव घेऊ शकतो.

३. मुलगी असली तर दुप्पट जागे राहा

हे बोलायला जड जातं, पण बोललंच पाहिजे. देशातल्या कॅन्सर रुग्णालयांत मुलींची नोंद मुलांपेक्षा बरीच कमी होते आणि हा फरक नुसत्या आजाराच्या स्वभावाने समजावता येत नाही. “पुढे लग्न कसं जमणार,” “कुणाला कळू देऊ नका,” ही वाक्यं मी मुलग्यांच्या खाटेपाशी फार कमी ऐकली. घरात खर्चाची बेरीज सुरू झाली की मनाशी एकच ताळा करा : हाच आजार मुलाला झाला असता तर आपण एवढाच विचार केला असता का?

४. रक्त द्यायचं तर आधी विचारा

बाप बाही वर करून उभा राहतो, “माझंच घ्या, मी सख्खा आहे.” त्याचं प्रेम खरं असतं, पण इथे वैद्यकाचं म्हणणं उलटं आहे. पुढे बोनमॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपण होण्याची शक्यता असेल तर आई, बाप, भावंडं यांचं रक्त त्या मुलाला सहसा देत नाहीत. शरीर जवळच्या नातलगांच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊन बसतं आणि मग त्यांचीच मॅरो टिकणं अवघड होतं. शिवाय सख्ख्याचं रक्त किरणोत्सर्गाची प्रक्रिया न करता दिलं तर दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. म्हणून नातलगांनी रक्तपेढीत रक्त द्यावं, पेढी ते दुसऱ्या रुग्णाला देईल. आपल्या लेकराला द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

५. देणाऱ्या भावंडाला वाऱ्यावर सोडू नका

सख्ख्या भावंडाची मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. जुळली की घरात पेढे येतात, आणि ते साहजिक आहे. पण पेढ्यांच्या डब्यापलीकडे आठ वर्षांची एक मुलगी बसलेली असते. तिला कुणी विचारलेलं नसतं. “तूच आता दादाला वाचवणार,” असं सगळे म्हणतात आणि ती मान डोलावते. या मान डोलावण्याला संमती म्हणू नका. मॅरो काढणं तसं सुरक्षित असतं. भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, काही दिवस दुखतं आणि काढलेली मॅरो काही आठवड्यांत भरून येते. तरी भूल ती भूल आणि सुई ती सुई.

तेव्हा तीन गोष्टी करा. पहिली, तिला तपासणारा डॉक्टर आजारी भावाच्या डॉक्टरांहून वेगळा मागा. त्याने फक्त तिचं हित बघावं. दुसरी, तिच्या वयाला कळेल असं सांगा आणि तिची भीती ऐका. सुईला घाबरणारी मुलगी वाईट बहीण ठरत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. आधीच सांगून ठेवा, “तू दिलंस, तुझं काम झालं. पुढे दादाचं काय होईल, ते तुझ्यावर नाही.” प्रत्यारोपण फसलं तर या वाक्याची तिला आयुष्यभर गरज पडेल. ते आधी बोललेलं असेल तरच तिला खरं वाटेल.

मॅरो पुन्हा भरून येते, मूत्रपिंड येत नाही. म्हणूनच नियमांतले मोजके अपवाद सोडले तर १८ वर्षांखालच्या जिवंत मुलाचा अवयव घ्यायला १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मनाई आहे. “दुसरं मूल होऊ द्या, त्याची मॅरो जुळेल,” असा सल्लाही आता मिळतो. थॅलेसेमिया झालेल्या भावासाठी गर्भ निवडून जन्माला घातलेल्या बहिणीच्या मॅरोचं प्रत्यारोपण २०२० साली अहमदाबादेत झालं, ही खरी गोष्ट आहे. पण त्या वाटेने जायचं असेल तर दोघांनी आधी ठरवा, की येणारं मूल आपल्याला त्या मुलाच्या स्वतःसाठीही हवंय का. नाही म्हणण्याचाही हक्क तुम्हाला आहे, सासूबाई काही म्हणोत.

६. मुलाला अंधारात ठेवू नका

“त्याला कळू देऊ नका, खचेल,” असं म्हणणारा आजोबा प्रेमानेच बोलतो. पण मुलाला कळतंच. शेजारच्या खाटेवरचा मित्र एका सकाळी नसतो. आई बाथरूममधून डोळे पुसून येते. कुणीच काही बोलत नसलं की मूल मनाशी ठरवतं, की माझ्यामुळे सगळे दुखावलेत. पाच वर्षांच्याला एवढं पुरे, “तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्यात, औषध त्यांना घालवतं, तू काही चुकीचं केलं नाहीस.” पंधरा वर्षांच्याला नाव सांगा आणि त्याचे प्रश्न येऊ द्या. “सुई दुखणार नाही,” असं कधी सांगू नका. “दुखेल, मी हात धरते,” असं सांगा. एकदा खोटं पकडलं की मूल औषधावरचाही विश्वास सोडतं.

संशोधनात सामील करून घ्यायला कागद आला तर घाईने सही नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो. नकार दिला तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि मदतीसाठी फोटो व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधीही मुलाला विचारा. टक्कल झालेला तो चेहरा त्याचा आहे, आणि बरं झाल्यावर त्याला त्याच शाळेत जायचंय.

७. देवावर श्रद्धा ठेवा, डॉक्टरांपासून लपवू नका

नवस बोला, अंगारा कपाळाला लावा. फक्त तोंडात घालू नका. पांढऱ्या पेशी खाली असताना राखेतले जंतूही महागात पडतात. गावच्या वैद्याचा काढा किंवा भस्म द्यावंसं वाटलं तर डॉक्टरांना दाखवून मगच द्या. काही भस्मांत शिसं, पारा असतो आणि केमोने आधीच थकलेल्या यकृताला ते झेपत नाही. डॉक्टर रागावतील म्हणून लपवणारी आई मी पुष्कळदा पाहिली. रागावले तर रागावू देत.

८. शेत विकण्याआधी समाजसेवकाला भेटा

मोठ्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन त्याला गाठा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. परळला उपचार घेणाऱ्यांना दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेचा आधार आहे. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची घरं २००६ पासून आहेत. हे सगळं पाहून झाल्यावरच सातबाऱ्याला हात लावा. घरी राहिलेलं दुसरं मूलही तुमचंच आहे. त्याची शाळा आणि त्याचा वाढदिवस विसरू नका.

९. बरं होणार नसेल तेव्हाही सोबत सोडू नका

काही मुलं वाचत नाहीत. डॉक्टर म्हणतात, “आता बरं करण्याचं औषध उरलं नाही,” तेव्हा घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, शेवटपर्यंत व्हेंटिलेटर लावा, नाहीतर लोक काय म्हणतील. दुसरा म्हणतो, घरी न्या. लोकांना बाजूला ठेवा. मुलाला काय दुखतंय आणि त्याला कुठे राहायचंय, एवढंच विचारा. फायदा नसलेला उपचार न लावणं किंवा थांबवणं हे ठरलेल्या पद्धतीने कायद्यात बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कॉमन कॉज प्रकरणात सांगितलंय. त्याला जीव घेणं म्हणत नाहीत. मॉर्फिनला घाबरू नका. योग्य मात्रेत ते वेदना थांबवतं आणि वेदनेसाठी घेणारं मूल सहसा व्यसनी होत नाही. त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह केअरची टीम लवकर मागा, अगदी शेवटच्या दिवशी नको. आणि निर्णय झाला की दोघांनी मिळून सांगा, “हे आम्ही ठरवलं.” नाहीतर वर्षानुवर्षं दोष एकट्या आईच्या पदरात पडतो.

शेवटी सगळ्या कानमंत्रांचा एक. कागदावर सही करण्याआधी स्वतःला विचारा, हे मी कुणासाठी करतोय. उत्तर ‘भावासाठी’, ‘सासूबाईंसाठी’ किंवा ‘लोकांसाठी’ आलं, तर पेन खाली ठेवा आणि डॉक्टरांना आणखी एकदा भेटा. उत्तर ‘लेकरासाठी’ आलं, तर सही करा आणि मग कुणालाही घाबरू नका.