अंगणातील द्राक्षवेल

फेब्रुवारी महिना लागला की धुळ्याच्या पाचकंदील भागात द्राक्षांच्या हातगाड्या दिसू लागतात. ते लांबट, पिवळसर, बिनबियांचे घड पाहून देवपुरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला वाटते, आपल्या अंगणातही असा वेल असावा. इच्छा चांगली आहे आणि ती पुरीही होऊ शकते. त्यासाठी मोठी बाग लागत नाही. दिवसभर ऊन मिळणारी थोडी जागा, एक मांडव आणि रोज लक्ष देणारे एक माणूस एवढे पुरते. मात्र दोन गोष्टी आधी समजून घ्या : वेल कोणता निवडावा आणि तो केव्हा कापावा.

तुम्ही घरी ज्याला अंगूर म्हणता, त्याला मराठीत द्राक्ष म्हणतात. पण या फळाने दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगणात आणल्या आहेत. सांगलीकडचा शेतकरी वाळवलेल्या द्राक्षाला बेदाणा म्हणतो. हा शब्द फारसीतील 'बेदाना', म्हणजे बी नसलेला. हैदराबादकडे प्रसिद्ध असलेल्या एका जातीचे नाव 'अनाब-ए-शाही' आहे. अरबीत 'इनब' म्हणजे द्राक्ष, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

आता निवडीकडे वळू. हातगाडीवर जी द्राक्षे असतात ती बहुतेक 'थॉमसन सीडलेस' किंवा तिच्यातूनच निवडलेल्या 'तास-ए-गणेश', 'सोनाका' अशा जातींची असतात. ही द्राक्षे गोड असतात, पण वेल नाजूक असतो. पावसाळी हवेत त्याला केवडा, भुरी, करपा असे बुरशीचे रोग चटकन धरतात. म्हणून नाशिकचे बागायतदार त्यावर पुन्हा पुन्हा औषधे फवारतात. शिवाय मणी मोठे व्हावेत म्हणून घड संजीवकात बुडवतात. तसे न केल्यास थॉमसनचे मणी लहानच राहतात. शेतात हे ठीक आहे. पण तुमच्या अंगणात लहान भावंडे खेळतात, दोरीवर कपडे वाळतात, ओट्यावर पापड-कुरडया पसरलेल्या असतात. तेथे दर आठवड्याला विषारी औषध फवारणार का? माझ्या मते घरासाठी हा प्रश्न गोडीपेक्षा मोठा आहे.

म्हणून थोडी आंबट, बियांची, पण काटक जात बरी. 'बंगलोर ब्लू' ही तशी जात आहे. तिचे मणी लहान व गडद जांभळे असतात, साल गरापासून सुटी होते आणि वास असा की एक घड घरात ठेवला तर खोली दरवळते. करप्याला ही जात दाद देत नाही, केवड्यापासून मात्र तिलाही जपावे लागते. रस व सरबतासाठी ती उत्तम. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन 'कटाबा' आणि 'ब्यूटी सीडलेस' यांच्या संकरातून 'एआरआय ५१६' नावाची रसाची जात तयार केली आहे. तीही बुरशीच्या रोगांना बऱ्यापैकी तोंड देते. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोक घराशेजारी 'मस्कॅडाइन' नावाची तेथलीच रानटी वंशाची द्राक्षे लावतात, तीही याच कारणाने. तिची साल जाड असते, पण तिथल्या दमट हवेतही वेल निरोगी राहतो. परक्या मुलखातला नाजूक वेल आणून त्याच्यामागे धावण्यापेक्षा, आपल्या हवेत टिकेल तो लावावा हे त्यांना फार पूर्वी कळले.

ऑक्टोबरमध्ये एखाद्या निरोगी वेलाची छाटणी होते. तेव्हा पेन्सिलीएवढ्या जाडीची, चार डोळ्यांची काडी मागून आणा. डोळा म्हणजे काडीवरची कळी, जिच्यातून नवी फूट निघते. दोन डोळे मातीत व दोन वर राहतील अशी काडी पिशवीत लावा. मुळे धरली की जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीत लावता येते. खानदेशात काळी भारी जमीन पुष्कळ. ती पाणी धरून ठेवते आणि द्राक्षाची मुळे गुदमरतात. म्हणून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात मातीबरोबर वाळू, मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत भरा.

मे महिन्यात धुळ्याचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि नळाचे पाणीही जपून वापरावे लागते. अशा वेळी एक जुनी युक्ती करा. मातीचे मडके घेऊन त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडा व त्यात कापडाची वात घाला. ते वेलापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि झाकण ठेवा. पाणी थेंबाथेंबाने मुळांजवळ पोचते. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणीही चालते, साबणाचे नको. बुंध्याभोवती वाळलेला पाला पसरला की ओल टिकते.

आता छाटणी. पुष्कळ घरी वेल असतो, मांडव हिरवागार असतो आणि फळ एकही नसते. कारण कोणी कात्री लावलेली नसते. थंड देशांत हिवाळ्यात द्राक्षाची पाने गळतात आणि वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, वर्षभर वाढत राहतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. धुळ्याहून चाळीसगाव व कन्नडचा घाट ओलांडून तुम्ही तेथे जाऊ शकता. त्याने आपल्या सफरनाम्यात लिहिले आहे की, येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात. थंड देशातल्या वाचकाला हे नवल वाटेल. पण आजही बंगळुरूकडचे शेतकरी 'बंगलोर ब्लू'चे वर्षाला दोन बहार घेतात.

महाराष्ट्रात मात्र छाटण्या दोन आणि फळ एकदा, अशी रीत आहे. एप्रिलमध्ये जी करतात ती खरड छाटणी. वेलाच्या आडव्या फांद्यांना ओलांडे म्हणतात. ओलांड्यावर एक-दोन डोळे ठेवून बाकी सारे कापतात. वेल बोडका दिसतो, घरातली माणसे हळहळतात, पण घाबरू नका. त्यातून नव्या काड्या येतात आणि उन्हाळ्यातच त्यांच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे घड अगदी सूक्ष्म रूपात तयार होतात. ऑक्टोबरमध्ये त्याच काड्यांवर पाच-सहा डोळे ठेवून वरचा भाग कापायचा. ही गोडी छाटणी. यानंतरच्या फुटीबरोबर घड बाहेर पडतात.

डोळ्यांत घड तयार होण्यासाठी काड्यांवर ऊन पडावे लागते. येथे घरात थोडी कुरबुर होण्याचा संभव आहे. अम्मींना मांडवाखाली दाट सावली हवी असते आणि तुम्हाला फळे. दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत. काड्यांची गर्दी विरळ करा, म्हणजे खाली कवडसे पडतील. सावली थोडी कमी झाली, तरी बसण्यापुरती ती राहतेच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस झाला तर पानाखाली पांढरी बुरशी दिसते. हाच केवडा. यावर बोर्डो मिश्रण चालते : १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करतात. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. तांबूस झाला तर चुना कमी पडला. हे काम मोठ्या माणसाने हातमोजे घालून करावे आणि फळ पिकू लागल्यावर अजिबात करू नये. या औषधाचा शोध गमतीदार आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे बागवान चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद व चुना शिंपडत. १८८२ च्या सुमारास मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, तेवढेच वेल निरोगी आहेत. चोरांवरचा उपाय रोगावर लागू पडला!

लावल्यापासून साधारण दीड-दोन वर्षांनी पहिले घड येतात. बुलबुलांना ते तुमच्याआधी कळते, म्हणून घडांवर जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधा. रंग आला की लगेच तोडण्याची घाई करू नका. केळी वा आंबा घरात पिकतो, द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही. घडाच्या अगदी टोकाचा मणी सर्वांत शेवटी गोड होतो. तो चाखून पाहा, गोड लागला तर कात्री लावा.

स्वाध्याय
१. पाठाच्या लेखकाने घरासाठी 'थॉमसन सीडलेस' का सुचवली नाही?
२. मांडव हिरवागार असूनही फळ का येत नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे फळांविषयीचे पाच शब्द शोधा.