पोटदुखीचे पहिले काही तास

ग्रामीण भागात पोटदुखी ही नित्याची तक्रार आहे. अपचन, जंत, बेंबी सरकणे अशी तिची कारणे घरोघरी सांगितली जातात आणि एरंडेल, शेक किंवा पोट चोळणे हे उपाय सुरू होतात. बहुतेक वेळा दुखणे आपोआप थांबते, हे खरे. परंतु काही प्रसंगी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची सूचना असते. हा फरक ओळखण्याची जबाबदारी बहुधा प्रथम आरोग्यसेविकेवर व परिचारिकेवर येते.

आंत्रपुच्छाचा दाह, म्हणजेच अपेंडिसायटिस, हे याचे ठळक उदाहरण होय. या विकारातील दुखऱ्या बिंदूचे वर्णन अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये केले. वेदना प्रथम बेंबीभोवती जाणवते व काही तासांनी पोटाच्या उजव्या खालच्या भागात स्थिरावते. अन्नावरची वासना उडते. मळमळ, उलटी व थोडा ताप येतो. लहान मुले, वृद्ध व गर्भवती यांच्यात हा क्रम स्पष्ट दिसतोच असे नाही. वेदना एकाएकी थांबली म्हणजे रोग बरा झाला असे समजू नये. आंत्रपुच्छ फुटल्यावरही काही काळ असा फसवा आराम पडतो. नंतर संसर्ग पोटभर पसरून जीव धोक्यात येतो.

इतर लक्षणेही तितकीच गंभीर आहेत :

१. पोट फळीसारखे कडक होणे : जठर किंवा आतड्यास छिद्र पडल्याची शक्यता.
२. पोट फुगणे, वारंवार उलट्या, शौच व वायू बंद होणे : आतड्यात अडथळा.
३. पाळी चुकलेल्या स्त्रीस पोटदुखी व भोवळ : गर्भाशयाबाहेरील गर्भ फुटून आत रक्तस्राव.

अशा रुग्णास तोंडाने काहीही देऊ नये. रेचक, एनिमा व शेक कटाक्षाने टाळावेत. वेदना केव्हा सुरू झाली याची नोंद करावी. नाडी, श्वसन, तापमान व रक्तदाब ठरावीक अंतराने तपासून लिहून ठेवावेत. डॉक्टरांच्या आदेशानुसार शिरेतून सलाइन सुरू करावे. निदान झाकले जाईल या समजुतीने पूर्वी वेदनाशामक देत नसत. डॉक्टरांनी योग्य मात्रेत दिलेल्या वेदनाशामकाने निदानास बाध येत नाही, हे आता मान्य झाले आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. रुग्णासोबत नोंदींचा कागद अवश्य पाठवावा. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे जरी गावात पटवून दिले, की तीव्र पोटदुखीत रेचक नव्हे तर रुग्णालय हाच उपाय आहे, तरी अनेकांचे प्राण वाचू शकतील.