कागदावर धातूंची पारख

लोह, तांबें व निकेल हीं एकाच पाण्यांत विरघळलीं असतां निकेलचा फिकट हिरवा रंग तांब्याच्या रंगांत लपतो. मग तें ओळखावें कसें?

शाई पसरते, म्हणून आम्हीं गाळणकागदाच्या पट्टीवर शिसपेन्सिलीनें रेघ काढून तीवर द्रावणाचा थेंब सुकविला. मग दिवा दूर ठेवून, रेघ बुडूं न देतां, पट्टीचें टोंक ॲसिटोन व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणांत सोडिलें. द्रव चढूं लागतां लोह सर्वांपुढें गेलें, तांबें मागें पडलें व निकेल जवळजवळ जागींच राहिलें. सुकलेल्या पट्टीस अमोनियाची वाफ देऊन डायमेथिलग्लायॉक्झिम लाविलें, तों निकेलचा गुलाबी ठिपका प्रगटला!

ज्ञात परिमाणांचे ठिपके शेजारी उमटवून रंग ताडल्यास निकेल किती, याचाही अजमास लागतो. दिसत नाहीं तें नाहींच, असें परीक्षेवांचून म्हणूं नये.