एक संगणक, अनेक मांडण्या

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• ‘डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट’ म्हणजे काय, हे सांगू शकाल;
• लिनक्स संगणकावर एका मांडणीतून दुसरीत जाण्याची कृती क्रमाने करू शकाल;
• आपल्या संगणकास योग्य मांडणी निवडू शकाल.

प्रस्तावना
मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूर येथे आहे. देशातील जिल्हा न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी २००७ मध्ये ई-न्यायालय प्रकल्प सुरू झाला आणि त्यात उबुंटू या मुक्त लिनक्स प्रणालीचा अवलंब करण्यात आला. अशा शहरात लिपिकाची वा टंकलेखकाची नोकरी करू इच्छिणाऱ्याला लिनक्सची ओळख असणे उपयुक्त ठरते.

पाठ
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा तयार केला. हा गाभा आपल्याला दिसत नाही. पडद्यावर दिसणारी पट्टी, सूची, खिडक्या व चिन्हे यांची जी एकत्रित व्यवस्था असते, तिला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. घराचा पाया तोच ठेवून दिवाणखान्याची मांडणी बदलावी, तसेच हे आहे.

केडीई हा प्रकल्प १९९६ मध्ये, तर नोम १९९७ मध्ये सुरू झाला. केडीईत पट्टी सहसा खाली असते आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या आवडीनुसार बदलता येते. नोमची रचना साधी व मोकळी असते. एक्सएफसीई ही मांडणी कमी स्मृती वापरते. म्हणून जुन्या संगणकांना ती अधिक मानवते.

मांडणी आपण न बदलताही बदलू शकते. उबुंटूने २०११ मध्ये नोमची मांडणी सोडून युनिटी स्वीकारली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा नोमकडे वळली. केवळ चिन्हांच्या जागा पाठ केलेला मनुष्य अशा वेळी गोंधळतो. तत्त्व जाणणारा मात्र अडत नाही.

मांडणी बदलण्याची कृती
१. नवी मांडणी प्रथम संगणकावर स्थापित करावी. त्यासाठी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द लागतो. कार्यालयातील संगणकावर हे काम परवानगीवाचून करू नये.
२. चालू काम जतन करावे. सत्र संपताच उघडे कार्यक्रम बंद होतात आणि जतन न केलेला मजकूर नष्ट होऊ शकतो.
३. ‘लॉग आऊट’ करावे. संगणक बंद करण्याची आवश्यकता नसते.
४. प्रवेशाच्या पडद्यावर आपले नाव निवडावे. नोमच्या प्रवेशपडद्यावर दातेरी चाकाचे चिन्ह दिसते. त्यावर टिचकी मारताच मांडण्यांची यादी उघडते.
५. हवी ती मांडणी निवडून परवलीचा शब्द लिहावा.

पुढील वेळी सहसा हीच मांडणी आपोआप उघडते. ही निवड प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र असते. त्यामुळे एकाच संगणकावर आई एक्सएफसीई आणि मुलगी केडीई वापरू शकते. कोणीही दुसऱ्याची घडी विस्कटत नाही.

मांडणी बदलली तरी आपल्या धारिका जागच्या जागी राहतात. मात्र, एकाहून अधिक मांडण्या ठेवल्यास साठवणीची जागा व्यापली जाते आणि सूचीत एकाच कामासाठी दोन-दोन कार्यक्रम दिसू लागतात. म्हणून दोन मांडण्या पारखून पाहाव्यात व नको असलेली विचारपूर्वक काढावी.

तुम्ही काय शिकलात
• गाभा एकच असतो. मांडण्या अनेक असू शकतात.
• सत्र संपविण्यापूर्वी काम जतन करणे अत्यावश्यक आहे.
• मांडणीची निवड प्रवेशाच्या पडद्यावर होते.

स्वाध्याय
१. जुन्या संगणकासाठी तुम्ही कोणती मांडणी निवडाल? कारण द्या.
२. कृतीतील दुसरी पायरी वगळल्यास काय घडू शकेल?
३. तुमच्या घरातील दोन व्यक्ती एकच संगणक वापरतात. त्यांना मांडणी कशी बदलावी, हे पाच वाक्यांत समजावून सांगा.