वाटीतलं ऊन

ठाण्याच्या नौपाड्यातल्या पूर्वेच्या गॅलरीत सकाळचा चहा घेता घेता जमलेलं हे शहाणपण. खर्च शून्य, सामान मांडणीवरचं.

१. वाटी सरळ काठाची घ्यावी. कोवळं ऊन जरा वर आलं की रिकामी स्टीलची वाटी कठड्यावर ठेवावी. तळावर दोन उजळ कमानी उमटतात आणि मध्ये जिथे मिळतात तिथे अणकुचीदार टोक होतं. सूर्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, पण गोल भिंतीवरून परतताना ते एका ठिकाणी जमत नाहीत, एकमेकांना ओलांडत जातात. त्यांची जिथे दाटी होते, तिथे ही रेघ. टोक असतं वाटीचा मध्य आणि काठ यांच्या बरोबर मधोमध. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६९० साली छापलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात या रेघेचं गणित मांडलं आहे. त्याच्यापुढे स्टीलची वाटी नव्हती, एवढाच फरक.

२. टोक कायम सूर्याकडे रोखलेलं असतं. वाटी न हलवता घरातली कामं उरकून यावं, टोक सरकलेलं दिसतं.

३. दूध घातलेल्या चहासारखा पडदा नाही. कोऱ्या चहात ऊन आत शिरतं आणि रेघ हरवते. दुधाचे कण ते पृष्ठभागावरच अडवून पसरवतात. मात्र कप काठोकाठ भरू नये. भिंत दोन बोटं तरी उघडी हवी, नाहीतर किरणांना परतायला जागा उरत नाही.

४. उंच पेला सकाळी लवकर निरुपयोगी. तिरपं ऊन वरच्या भिंतीवरच अडतं, तळ अंधारात. उलट ऊन फार चढलं तर उथळ वाटीतलं टोक विरतं आणि काठाजवळ नुसती कोर उरते. म्हणजे मधली वेळ साधायची. ती साधणं नौपाड्यात आता सोपं राहिलेलं नाही. समोरच्या तीन मजली इमारतीचा पुनर्विकास झाला, टॉवर आला, आणि आमचं आठचं ऊन दहाला यायला लागलं. पार्किंग मिळालं म्हणतात सगळे. उन्हाचा हिशेब सोसायटीच्या सभेत कोणी काढत नाही.

५. तारेच्या घासणीने घासलेली जुनी ताटली फेकू नये. उन्हात धरली की सूर्याच्या लखलखीत ठिपक्याभोवती बारीक रेघांचं गोल जाळं दिसतं. खरं तर ओरखडे वाटेल तसे आडवेतिडवे असतात. पण ज्यांची दिशा जुळते तेवढेच ऊन डोळ्याकडे पाठवतात, बाकीचे गप्प. मान हलवली की ठिपक्याबरोबर जाळंही सरकतं. मठारलेल्या तांब्याच्या भांड्याची तऱ्हा वेगळी. पुण्यात कसब्याच्या तांबट आळीतलं एखादं भांडं उन्हात ठेवावं: हातोडीचा प्रत्येक ठोका एक चिमुकला आरसा, आणि भिंतभर तांबूस कवडसे.

६. सोन्याची पाटली वहीच्या पांढऱ्या पानावर ठेवली तर कमानी पिवळ्या येतात. सोनं, तांबं, पितळ निळा प्रकाश गिळतात, स्टील तसा भेदभाव करत नाही.

७. वाटीत चहा गरम होईल ही आशा सोडावी. गोल भिंतीला सगळे किरण एका बिंदूवर आणणं जमत नाही. त्यासाठी अन्वस्ताचा आकार लागतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानात २००९ मध्ये अन्वस्ताकार आरशांच्या ७३ तबकड्या बसवल्या, त्यांच्या उष्णतेने वाफ करून प्रसादालयातला स्वयंपाक करायला. त्या तबकड्यांना सूर्यामागे फिरावं लागतं. कठड्यावरच्या वाटीला तसं कोण फिरवणार?

८. मेच्या मध्यावर एके दिवशी दुपारी ठाण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली पायाखाली जाते. त्या घटकेला वाटीच्या सरळ भिंतीला ऊन लागतच नाही आणि आकृती पूर्ण नाहीशी होते. मुलांना सुट्टी असते, गच्चीत नेऊन दाखवायला बरं. जुलैच्या अखेरीस असाच आणखी एक दिवस येतो, पण तेव्हा बहुधा वाटीत पावसाचं पाणी.