दोन नावांचा रुपया

जहांगिराच्या रुपयांत एक प्रकार संग्राहकाने आवर्जून पारखावा असा आहे. इ. स. १६२४ ते १६२७ या काळात सुरत, अहमदाबाद, आग्रा, लाहोर आदी टांकसाळींत पाडलेल्या या रुपयांवर बादशहाबरोबर 'बादशहा बेगम' या किताबासह नूरजहानचेही नाव फारसीत आहे. जर्मनीत सॅक्स-वायमार घराण्याने सतराव्या शतकाच्या आरंभी आठ भावांच्या प्रतिमा एकाच थालरवर, दर बाजूस चार, अशा कोरविल्या. तेथे वारसाच सामाईक होता. नूरजहानचा वारसा कसला? म्हणूनच तिचे नाणे आम्हांस अधिक बोलके वाटते.

बुऱ्हाणपुरासही मोगलांची टांकसाळ होती. शिवाय येथील कापड सुरतेस जाई. तेव्हा जुन्या पेटीतील रुपया मोडीत घालण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजू जाणत्याकडून वाचवून घ्याव्यात. वजन सुमारे ११.४ ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून किंचित कमी, भरावे. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे व कडेस सांधा दिसतो. सराफाने पारखताना मारलेल्या ठशाने किंमत उतरते खरी. पण आम्ही असे नाणे नाकारीत नाही. नाणे चिंचेने घासून उजळू मात्र नये. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी व्यक्तीस मनाई आहे.