किल्ली घेण्याआधी

सातारा

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. रावेतच्या फ्लॅटचं पझेशन पंधरा दिवसांवर आलंय, बिल्डरच्या ऑफिसातून रोज फोन येतोय, दादाला अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत उरकायची आहे, आणि मुक्ताने मधेच ‘होम इन्स्पेक्शन करून घेऊ’ असं काढल्यावर सगळे तिच्याकडे बघायला लागले. वर तू मला विचारतोस, “आत्या, तू असताना पैसे देऊन बाहेरचा माणूस कशाला?” मुक्ताचं बरोबर आहे. कशाला, ते सांगते.

१९९६ साली आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते. सरकारी क्वार्टर्सच्या संडास-बाथरूममध्ये पाणी कोंडून बघितल्याशिवाय मी ठेकेदाराचं बिल पुढे सरकू देत नसे. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र दसऱ्याचा मुहूर्त होता, पाहुणे जमले होते, बिल्डरने पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि मी सही करून मोकळी झाले. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहिलं नाही. संक्रांतीला खालच्या वहिनी वर आल्या, त्या हातात तिळगुळाऐवजी छताचा पोपडा घेऊन. कोबा फोडला तेव्हा कळलं की नहाणी ट्रॅप आणि पाइप यांचा सांधा नीट भरलाच नव्हता. बिल्डर शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुम्ही इंजिनिअर. बघूनच घेतलंत ना?” यावर मला उत्तर नव्हतं. आपल्या घरात आपण इंजिनिअर नसतो रे, हरखलेले घरमालक असतो. म्हणून त्या दिवसापुरते दुसऱ्याचे डोळे भाड्याने घ्यावेत. शिवाय माझं म्हणणं म्हणजे नातेवाईकाचं मत. तिऱ्हाईताने तारीख घालून, फोटो लावून लिहिलेलं असलं की तो कागद होतो.

आता माणूस कसा निवडायचा. आपल्याकडे ‘होम इन्स्पेक्टर’ असा वेगळा सरकारी परवाना नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत तो लागतो. इथे लेझर मीटर विकत घेतला की कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून आधी विचार, येणारा सिव्हिल इंजिनिअर आहे का, आणि विजेचं कोण बघणार. जुना एखादा अहवाल मालकाचं नाव झाकून दाखवायला सांग. त्यावरून माणूस कळतो. फी बहुधा चौरस फुटावर सांगतात. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी तिच्यात धरली आहे का, हे आधीच ठरवून घे. ‘दुरुस्तीही आमचीच माणसं करून देतील’ असं कुणी म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. ज्याला दोष सापडण्यात कमाई आहे, त्याला दोष सापडतातच. बिल्डरने सुचवलेला माणूसही नको, त्याला उलट कारणाने काहीच सापडणार नाही.

बिल्डरला आधी ईमेल कर: अमुक दिवशी आम्ही तपासणीसाठी माणूस आणतोय, फ्लॅटमध्ये वीज आणि पाणी चालू ठेवा. फोनवर ‘हो हो’ म्हणतात आणि त्या दिवशी मीटरच बसलेला नसतो. वीज-पाण्याशिवाय तपासणी म्हणजे भिंती बघून येणं.

तपासणीच्या वेळी तू स्वतः हजर राहा. टू बीएचकेला दोन-तीन तास सहज जातात. नुसता अहवाल मागवणाऱ्याला निम्मंच कळतं, उरलेलं त्या माणसाच्या मागे मागे फिरताना कळतं. तो काठीने किंवा नाण्याने टाइल वाजवत जाईल. भरलेली टाइल टणक वाजते. खाली माल न पोचलेली डबडब वाजते, आणि जड कपाटाचा पाय नेमका तिच्यावर आला की तडकते. दोनचार फरशा तू स्वतः वाजवून बघ, कान लगेच तयार होतो. भिंतीला ओळंबा आणि कोपऱ्याला गुण्या आमच्या गवंड्यांच्या वेळेपासून लागतात. आता त्यांच्या जागी लेझर आला, बघायचं तेच. भिंत काटकोनात नसेल तर मुक्ताचं मॉड्युलर किचन बसवताना सुतार तुझ्या नावाने खडे फोडील.

त्याच लेझरने कार्पेट एरिया मोजून घे. रेराच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला असतो. क्षेत्र त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे व्याजासह परत करायचे असतात. तुझ्या करारातलं ते कलम बरोबर ने.

खरा वेळ बाथरूममध्ये घालव. पाणी ओतून ते ट्रॅपकडे धावतंय की दाराशी साचतंय ते बघ. मग ट्रॅपचं तोंड कापडाने घट्ट बंद करायचं, इंच-दीड इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि एक-दोन दिवस ठेवायचं. नंतर खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघायचं. यासाठी इन्स्पेक्टर थांबणार नाही, पण सुरुवात त्याच्यासमोर कर आणि छताचे आधीचे-नंतरचे फोटो काढून ठेव.

त्याच्याकडे थर्मल कॅमेरा असेल. पडद्यावर निळा डाग दिसला की लोक घाबरतात. तो कॅमेरा ओल दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. त्याच जागी मॉइश्चर मीटर टेकवल्यावरच ओलीबद्दल काही म्हणता येतं, आणि नवा गिलावा मुळातच थोडा ओला असतो हेही धरावं लागतं. शिवाय तू बघणार उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये प्रत्येक घर कोरडं असतं. म्हणून खिडक्यांच्या बाहेरच्या कडेचं सिलंट आणि स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची भोकं मुद्दाम बघायला लाव. पाऊस तिथूनच आत येतो.

भेगांचं तंत्र सोपं आहे. बीमच्या खाली, जिथे ब्लॉकची भिंत काँक्रीटला मिळते, तिथे केसाएवढी सरळ भेग बहुतेक घरांत येते. दोन्ही मालांचं आकुंचन वेगवेगळं असतं. ती भरून रंगवता येते. पण भेग तिरकी असेल, नखाची कड तिच्यात अडकत असेल किंवा ती बीमवर, कॉलमवर असेल, तर ‘रंगात जाईल’ हे उत्तर घेऊ नकोस. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत माग.

वीज प्रत्येक प्लगवर बघायची. तीन पिनांचा छोटा टेस्टर लावला की अर्थिंग जोडलेलं आहे की नुसतं भोक आहे ते दिव्यांवरून कळतं. विजेच्या बोर्डातल्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण तू स्वतः दाबून बघ. स्विच झटक्यात पडायला हवा. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं. गीझरचा शॉक बसल्यावर दुरुस्तीला माणूस उरत नाही.

त्याच्याकडून काय मिळणार नाही, तेही आधीच समजून घे. तो भिंत फोडणार नाही, स्लॅबमधली सळई त्याला दिसत नाही. जमिनीचे कागद आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून आणि महारेराच्या संकेतस्थळावरून तपासायचे. लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा हा सगळ्या इमारतीचा विषय आहे. ‘घर उत्तम आहे’ असा दाखला तो देणार नाही, आणि दिला तर फाडून टाक. तो तुझा जामीनदार नाही, साक्षीदार आहे. अमुक तारखेला या घराची ही अवस्था होती, एवढंच तो सांगतो. ते पुरेसं असतं.

मुक्ताच्या आईबाबांना ठाण्यात जुना फ्लॅट घ्यायचाय म्हणालास. तिथे फ्लॅटच्या आधी इमारत बघावी लागते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांच्या पुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सेक्रेटरीकडे शेवटचा अहवाल मागा. तो टाळाटाळ करू लागला तर समजून घ्या.

तुझा अहवाल येईल तेव्हा त्यात साठ-सत्तर मुद्दे असले तरी दचकू नकोस. तीन ढीग कर: पाणी आणि वीज, मग दारं-खिडक्या-नळ, शेवटी रंगाचे डाग. पहिला ढीग संपेपर्यंत तिसऱ्यावर भांडू नकोस. साइट इंजिनिअर रंगाचा डाग दहा मिनिटांत पुसून ‘सगळं केलं’ म्हणतो आणि ट्रॅप तसाच राहतो.

यादी ईमेलने पाठव. पझेशन लेटरमध्ये ‘फ्लॅट पाहून समाधान झाले, तक्रार नाही’ असं वाक्य असेलच. त्यापुढे ‘सोबतच्या अहवालातील मुद्दे वगळून’ असं लिहून घे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. आणि ती दुरुस्ती होईपर्यंत फर्निचरवाल्याला आत घेऊ नकोस. एकदा तुझ्या माणसाने छिन्नी लावली की प्रत्येक दोष ‘तुमच्या सुताराने केला’ होतो. मात्र उगाच ताणूही नकोस. भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घ्यावा, असंही तोच कायदा तुला सांगतो.

दादाला मी फोन करते. अक्षय्य तृतीयेला कलश पुजा, पेढे वाटा, पण सही अहवाल वाचल्यावर. माझा दसऱ्याचा मुहूर्त उत्तम होता, असं गुरुजी अजून सांगतात.

तपासणीला जाताना दोन बादल्या, जुनं कापड, पेन्सिल आणि मोबाइलचा चार्जर घेऊन जा. रिकाम्या फ्लॅटमध्ये बादली नसते, आणि तेवढ्यासाठी पाण्याची तपासणी राहून जाते.

मुक्ताला आशीर्वाद.

तुझी,
आत्या